चोळीचा भाव



आज ऐकूया, बाई आणि पैसा यांची गाणी.
एक गोष्ट ध्यानात ठेवा...
गाणं बाईचं असतं, पण ते रचलंय कुणी?

सतराव्या शतकातलं लंडन.
कागदाच्या एका बाजूला गाणं छापायचं.
रस्त्यात गात गात विकायचं.
किंमत साधारण एक पेनी!
उधळी बायको, श्रीमंत विधवा, हुंड्यावर डोळा ठेवणारा नवरा...
असे विषय हमखास खपायचे.
पण लिहिणारे बहुतेक पुरुष.

आता आपल्या सोलापुराकडे या.
शाहीर राम जोशी इथलेच.
पेशवाईच्या अखेरच्या काळात त्यांच्या लावण्या गाजल्या.
लावणीतली नायिका शालू मागते, दागिना मागते.
आवाज बाईचा...
शब्द मात्र बहुधा शाहिराचे.

आणि जात्यावर?
तिथं बाई स्वतःच ओव्या रचायची.
पहाटे, दळता दळता.

तिचा हिशोब ऐकण्यासारखा आहे.
ओवीत ती भावाला म्हणते,
मला शेतात वाटा नको.
वर्षाला एक चोळी कर.
भाऊ दुकानात खण बघतो.
भावजय महागाचा खण बाजूला सारते.
बहिणीला ते बरोबर कळतं!
वडिलांच्या जमिनीच्या बदल्यात एक चोळी...
तीसुद्धा हलकी.
मला हा हिशोब फार बोचतो.

संशोधक हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी,
गावोगावच्या बायकांकडून,
एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या.
म्हणून आज विचारलं, रचलंय कुणी...
तर अनेक ओव्यांखाली त्या गाणारणीचं नाव सापडतं.
तिच्या गावाचंही.

तुमच्या घरात कुणा आजीला ओव्या येत असतील,
तर आजच लिहून घ्या.
खाली तिचं नाव घाला.