रक्ताचे सोंग आणता येत नाही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 मी शाळेत शास्त्र शिकवणारी बाई. रुधिराभिसरणाचा धडा शिकवताना नेहमी माझ्या मनात येते, की हा धडा मुलींइतकाच त्यांच्या आयांच्याही कामाचा आहे. म्हणून आजचा विषय घेतला आहे तो रक्ताचा, आणि तोही आपल्या, बायकांच्या रक्ताचा.

कांदाकाढणीच्या दिवसांत आपल्या अवसरीत कोणत्याही बांधावर ऐकू येते, "अंगात त्राण नाही बाई." कुणाला चढ चढताना धाप लागते, कुणाला बसून उठताच अंधारी येते. "बाईच्या जन्माला हे चालायचंच," असे म्हणून आपण पुन्हा खुरपे उचलतो. माझे सांगणे एवढेच आहे, की या थकव्यामागे पुष्कळदा रक्तक्षय असतो, आणि रक्तक्षय मोजता येतो, बराही करता येतो.

आपल्या शरीरात साधारण साडेचार ते पाच लिटर रक्त असते. त्यातल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते. फुप्फुसातला प्राणवायू उचलून तो शरीराच्या कानाकोपऱ्यात नेऊन देणे हे त्याचे काम. रानात राबणाऱ्यांना वेळेवर भाकरी पोचली नाही, तर हात चालत नाहीत. तसेच प्राणवायू कमी पडला की स्नायू थकतात, हृदयाला जास्त धावावे लागते आणि छाती धडधडते.

हिमोग्लोबिन घडायला लोह लागते. साऱ्या शरीरात मिळून ते असते अवघे तीन-चार ग्रॅम. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती मोडली, की तिच्यातले लोह हाडांच्या मगजात नव्या पेशीसाठी पुन्हा वापरले जाते. जुने भांडे मोडीत घालून नवे घडवावे तसे. पण बाईच्या बाबतीत हा जमाखर्च बिघडतो. दर महिन्याला रक्त जाते. गरोदरपणी बाळ आपल्या वाट्याचे लोह आईकडून घेते. बाळंतपणात आणखी रक्त जाते. खर्च असा ठरलेला, आणि जमेच्या बाजूला मात्र बहुधा चहा आणि उरलेसुरले कालवण!

२०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकी ५७ जणींना रक्तक्षय आढळला. पुरुषांत हेच प्रमाण शंभरात २५ होते. आपल्या महाराष्ट्रात स्त्रियांचा आकडा ५४ निघाला. म्हणजे या मांडवात बसलेल्या दोघींपैकी एकीचा हा प्रश्न आहे.

या दुखण्याचा एक मोठा शोध आपल्या मुंबईतच लागला, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईस आल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना तीव्र रक्तक्षय होई, आणि पुष्कळजणी त्यात दगावत. प्रथम जंतूंचा संशय घेऊन तपास झाला; परंतु धागा सापडला तो अन्नापाशी. पाव फुगवायला जे यीस्ट वापरतात, त्याचा अर्क या बायकांना दिल्यावर त्यांचे रक्त भरून आले. १९३१ साली बाईंनी हे प्रसिद्ध केले. पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून एक जीवनसत्त्व वेगळे काढण्यात आले. पानाला लॅटिन भाषेत 'फोलियम' म्हणतात, म्हणून त्याचे नाव पडले फोलिक आम्ल. विल्सबाईंच्या औषधातला गुण याच द्रव्याचा होता. आज गरोदर बाईला जी लाल गोळी मिळते, तिच्यात लोहाबरोबर हेच फोलिक आम्ल असते.

आता आणखी जवळ येऊ. १९९३ साली पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्या बायकाही आपल्यासारख्याच, शेतावर राबणाऱ्या. असे दिसून आले, की ज्या दूध, पालेभाजी आणि फळे अधिक वेळा खात, त्यांची बाळे अधिक बाळसेदार होती. आणि विहिरीचे पाणी, धुणे, शेतकाम यांचा भार जिच्यावर फार, तिचे बाळ लहान भरे. शिवाय निम्म्याहून अधिक स्त्रियांत बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. रक्त बनायला तेही लागते, आणि ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळते, भाजीभाकरीत नसते. भगिनींनो, आपल्या गोठ्यातले दूध पहाटे डेअरीत जाते आणि घरात चहापुरते उरते. त्यातला एक पेला घरच्या गरोदर सुनेसाठी बाजूला ठेवला, तर काय तोटा होणार आहे?

करायचे काय, ते थोडक्यात सांगते. बाजरीची भाकरी, माठ, राजगिरा, हरभऱ्याचा पाला, कडधान्ये आणि अळीव यांत लोह आहे. जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असला, तर ते लोह अंगी लागते. जेवणाला लागून चहा घेतला, तर बरेचसे वाया जाते. म्हणून तासभर थांबावे. शेतात अनवाणी फिरू नये, कारण मातीतल्या अंकुशकृमीची अळी पायाच्या कातडीतून आत शिरते आणि आतड्यात राहून रक्त पिते. गरोदर बाईने चौथ्या महिन्यापासून लाल गोळी रोज, १८० दिवस घ्यावी. बाळंतपणानंतरही तितकेच दिवस. वयात आलेल्या मुलींना शाळेतून आठवड्याला निळी गोळी मिळते. गोळीने शौचाला काळे होते, म्हणून घाबरू नये. बाळ काळे होते, ही तर निव्वळ समजूत आहे. मळमळ झाली तर गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी. पाळीत रक्त फार जात असेल, किंवा गोळ्यांनीही गुण येत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे; रक्तक्षयाची इतरही कारणे असतात.

आपण म्हणतो, आधी पोटोबा, मग विठोबा. पण बाईचा पोटोबा विठोबाच्याही मागे, साऱ्यांची पंगत उठल्यावर येतो! तोवर भाजीचे पातेले खरवडलेले असते. ही रीत सासूबाई मनावर घेतील तर एका दिवसात बदलेल. सगळ्यांनी एकत्र जेवावे, नाहीतर निदान सुनेची भाजी आधी वाढून झाकून ठेवावी. रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणी जास्त रक्तस्राव झाला, तर तिच्यापाशी गाठीला काहीच नसते. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे म्हणतात. त्या घडीला रक्ताचेही सोंग आणता येत नाही.

म्हणून मंडळापुढे माझी एक विनंती आहे. या महिन्यात प्रत्येक सभासदेने आपले हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. आशाताईंना विचारावे, नाहीतर चौघीजणी मिळून मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात जावे. बोटाला सुई टोचण्याएवढेच काम आहे. आकडा १२ च्या खाली आला, किंवा गरोदर बाईचा ११ च्या खाली आला, तर उपचार सुरू करावा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे. एकीने आपल्याबरोबर शेजारणीला न्यावे, सासूने सुनेला न्यावे. पुढच्या वर्धापनदिनी कुणी काय भाषण केले हे कुणाच्या ध्यानात राहो न राहो. आपला आकडा मात्र प्रत्येकीला तोंडपाठ असावा.