गॅसबत्तीपासून पवनचक्कीपर्यंत
(बीड येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



‘दुर्मिळ मृदा धातू’ हे नाव ऐकले की हा विषय बीडच्या माळरानापासून फार दूरचा वाटतो. वस्तुतः तो तसा नाही. खेड्यात वीज येण्यापूर्वी लग्नात, कीर्तनात आणि तमाशाच्या फडात जी गॅसबत्ती जळे, तिच्या मेंटलचा शुभ्र प्रकाश थोरियम आणि किंचित सेरियम यांच्या ऑक्साइडांमुळे पडत असे. सेरियम हा या सतरा धातूंपैकीच एक. आज याच जिल्ह्याच्या डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्या फिरतात. त्यांच्या काही प्रकारांत निओडिमियमयुक्त चुंबके वापरतात, आणि ती एकेका यंत्रात शेकडो किलो लागतात. विजेवर चालणारी मोटार आणि क्षेपणास्त्र यांचेही अशा चुंबकांवाचून अडते.

हे धातू नावाने दुर्मिळ असले तरी भूकवचात तितके दुर्मिळ नाहीत. सेरियम तर जवळजवळ तांब्याइतका आढळतो. अडचण निराळीच आहे. हे धातू एकत्र सापडतात आणि त्यांचे रासायनिक गुणधर्म विलक्षण सारखे असतात. त्यामुळे द्रावकांच्या साहाय्याने, शेकडो टप्प्यांतून त्यांना एकमेकांपासून अलग करावे लागते. म्हणजे खरी सत्ता खाणीत नाही. ती या अलग करण्याच्या विद्येत आहे. जगातील शुद्धीकरणापैकी सुमारे ९० टक्के चीनच्या हाती आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात धातूंच्या व त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा भारतातील मोटार कारखानेही चिंतेत पडले.

भारताकडे कच्चा माल नाही असे नव्हे. केरळ, तामिळनाडू, आंध्र आणि ओडिशा यांच्या किनाऱ्यांवरील वाळूत मोनाझाइट आहे. इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी १९५० साली स्थापन झाली आणि १९५२ पासून अलुवा येथे मोनाझाइटवर प्रक्रिया होऊ लागली. तरीही चुंबके परदेशातूनच येत राहिली. कापूस पिकवून कापड विकत घेणाऱ्या मराठवाड्याच्या शेतकऱ्याला ही कथा नव्याने सांगावी लागणार नाही. कच्च्या मालाचा धनी गरीब राहतो आणि प्रक्रियेचा धनी भाव ठरवतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने वर्षाला ६,००० टन चुंबकांच्या उत्पादनक्षमतेसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. उद्दिष्ट योग्यच आहे. परंतु पैसा जनतेचा असेल, तर त्यातून निर्माण होणाऱ्या विद्येवर आणि नफ्यावर जनतेचा हक्क कोणता, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मोनाझाइटमधील थोरियम किरणोत्सारी आहे. तो हाताळणाऱ्या कामगाराच्या आणि किनाऱ्यावरील मच्छीमाराच्या सुरक्षिततेचा हिशेबही याच खात्यात मांडला पाहिजे.

बीडलाही हा हिशेब लागू आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड आल्याने ती झाली, असे तपास यंत्रणेचे आरोपपत्र सांगते. नवे यंत्र आले म्हणजे जुनी सत्ता आपोआप ढळत नाही. पुष्कळदा ती त्या यंत्राभोवतीच कुंपण घालते. म्हणून पवनचक्कीच्या जमिनीचा करार ग्रामसभेत उघडपणे वाचला जावा आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरातील मुलांना त्या यंत्राच्या दुरुस्तीचे शिक्षण जिल्ह्यातच मिळावे, या मागण्या कार्यकर्त्यांनी गावोगाव नेल्या पाहिजेत. वारा बीडचा आहे. त्याचे मोलही बीडच्या पदरात पडले पाहिजे.