क्लोरोफॉर्म आणि रक्ताचा दाब



रोग्यास भूल देतांना वैद्यानें लक्ष कोठें ठेवावें, नाडीवर कीं श्वासावर? या प्रश्नावरून एकोणिसाव्या शतकांत मोठा वाद माजला होता, आणि त्याचा निकाल लावण्याचा एक नामांकित प्रयत्न आपल्या शेजारीं, हैदराबाद येथें झाला.

१८४७ सालीं एडिंबरो येथें डॉ. सिम्सन यांनीं क्लोरोफॉर्म प्रचारांत आणला. पुढील जानेवारींतच न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नांवाची १५ वर्षांची मुलगी, पायाच्या बोटाचें नख काढण्यासाठीं तो हुंगविला असतां, कांहीं मिनिटांत मरण पावली. पुढें असे मृत्यू घडतच राहिले. त्यांत हृदय आधीं थांबतें कीं श्वास, यावर वैद्यांत दोन तट पडले.

हैदराबादच्या रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी हे श्वासपक्षाचे कट्टर अभिमानी. १८८८ सालीं त्यांच्या पुढाकारानें तेथें पहिलें चौकशी-मंडळ बसलें, व १८८९ सालीं दुसरें. दुसऱ्यासाठीं निजाम मीर महबूब अली खान यांनीं द्रव्यसाहाय्य केलें, आणि डॉ. लॉडर ब्रंटन लंडनहून आले. तेथील वैद्यकशाळेच्या विद्यार्थिनी रूपाबाई फर्दुनजी यांचाही या कामास हातभार लागला.

प्रयोगाची रीत अशी. प्राण्याच्या धमनींत नळी बसवून ती पाऱ्याच्या दाबमापकास जोडीत. पाऱ्यावर तरंगणारी लेखणी काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर रेघ काढी. कुत्रीं, माकडें इत्यादि शेंकडों प्राणी या कामीं आले. क्लोरोफॉर्म चढूं लागला कीं रेघ खालीं येई, म्हणजे रक्ताचा दाब घटे. मात्रा वाढवीत गेल्यास आधीं श्वास थांबे, हृदय मागाहून. यावरून मंडळानें निर्णय दिला कीं, श्वास सांभाळा, नाडीची चिंता नको.

परंतु दाब उतरतो कां? १८९३ सालीं गॅस्केल आणि शोर या इंग्रज संशोधकांनीं दोन प्राण्यांचीं रक्ताभिसरणें एकमेकांस जोडून क्लोरोफॉर्ममिश्रित रक्त एकट्या मेंदूस पोंचविलें. दाब उतरला नाहीं, उलट चढला. तें रक्त हृदयास पोंचलें तेव्हां मात्र दाब घसरला. औषधाचा घाव खुद्द हृदयावरच पडतो, हें दिसून आलें.

शेवटला धागा १९११ सालीं लेव्ही यांनीं उलगडला. त्यांनीं मांजरांस हलकीच भूल दिली, आणि भीतीच्या वेळीं शरीर स्वतःच रक्तांत सोडतें तें ॲड्रेनलिन टोंचलें. हृदयाचे खालचे कप्पे ताल सोडून नुसते थरथरूं लागले. रक्त पुढें सरकेना, आणि प्राणी दगावले. घाबरलेला रोगी भुलीच्या आरंभींच एकाएकीं कां दगावे, याचा उलगडा असा झाला.

मग हैदराबादच्या रेघा खोट्या होत्या काय? मुळींच नाहीं. मात्रा वाढत गेल्यावर काय होतें, याचें उत्तर त्या मुक्या जनावरांनीं प्रामाणिकपणें दिलें. हलक्या भुलींत काय होतें, तें त्या मंडळानें पुरतें विचारलें नव्हतें. आणि एका उत्तरावर सगळ्या रोग्यांचा नियम बसविला गेला.

आज शस्त्रक्रियागृहांतून क्लोरोफॉर्म गेला आहे. भूल देणारे डॉक्टर आतां श्वास, हृदयाचा ताल, रक्तदाब आणि रक्तांतील प्राणवायु या सर्वांवर एकदम नजर ठेवतात. गणिताच्या वर्गांत आम्ही शिक्षक मुलांस सांगत असूं कीं, उत्तर ताडून पाहण्यापूर्वीं प्रश्न पुन्हा वाचा. प्रयोगशाळेंत या नियमाचें मोल प्राणांनीं मोजावें लागतें.