कॉलेज कोण निवडतं? तुम्ही, घरचे, की एस.टी.चं टाईमटेबल?

आज विषय आहे बारावीनंतर कुठं जायचं हा. गारगोटीतून बोलतोय, म्हणून उदाहरणं भुदरगडची येतील, पण तुम्ही चंदगडचे असा नाहीतर शिराळ्याचे, गोष्ट फार वेगळी नसणार.

कुणालाही विचारा, "हेच कॉलेज का घेतलंस?" उत्तर येतं, "चांगलं आहे." म्हणजे काय? जरा खोदलं की खरी कारणं बाहेर येतात. मामाचा पोरगा तिथं होता. मैत्रीण तिथं निघाली होती. स्टँडपासून जवळ आहे. सातची गाडी मिळते. यातलं कुठलंच कारण मूर्खपणाचं नाही. फक्त आपण कशाच्या जोरावर ठरवतोय हे आपल्याला माहीत पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

सुरुवात अंतरापासून करूया. गारगोटी ते कोल्हापूर सुमारे ५० किलोमीटर. पण पाटगावच्या बाजूच्या एखाद्या वाडीवरच्या पोरीला आधी गारगोटीलाच यायचं असतं. बारावीपर्यंत ग्रामीण भागातल्या मुलींना एस.टी.चा अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास असतो. बारावी झाली की तो संपतो. पुढं विद्यार्थी सवलतीचा पास मिळतो, त्यात भाड्याचा एक तृतीयांश भाग भरावा लागतो. पैशांपेक्षा मोठा प्रश्न वेळेचा. प्रॅक्टिकल पाचला सुटलं आणि गावाकडची शेवटची गाडी गेली तर? घरातून "जवळचंच बघ" असं म्हणतात, त्यामागं बऱ्याचदा ही शेवटची गाडी असते. पोराला सांगतात, "मित्राच्या खोलीवर राहा." पोरीला तसं कुणी सांगत नाही. मार्क सारखे असून दोघांचे रस्ते इथं वेगळे होतात.

म्हणून राहण्याची सोय हा फार मोठा मुद्दा आहे, आणि आपल्याकडं तो शंभर वर्षांपूर्वी ओळखला गेला होता. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा बोर्डिंग सुरू केलं. मग जैन, लिंगायत, मुस्लिम, मिस क्लार्क अशी एकामागून एक वसतिगृहं उभी राहिली. शाळा-कॉलेज कोल्हापुरात होतंच, राजाराम कॉलेज १८८० पासूनचं. पण खेड्यातल्या पोराला रात्री पाठ टेकायला जागा नसेल तर त्या कॉलेजचा उपयोग काय? महाराजांनी नेमकी ती अडचण धरली.

दुसरा मार्ग निघाला तो आपल्याच गावात. आजऱ्याच्या बहिरेवाडीत जन्मलेले डॉ. जे. पी. नाईक, पुढं १९६४-६६ च्या कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव झालेले. त्यांच्या पुढाकारातून गारगोटीत मौनी विद्यापीठ उभं राहिलं. नाव पाटगावच्या मौनी महाराजांचं. विचार साधा होता: पोरांनी शिकायला शहरात जाण्याऐवजी शिक्षणच खेड्यात यावं, आणि ते खेड्याच्या कामाचं असावं. १९५० च्या दशकात देशात ज्या मोजक्या ग्रामीण संस्था निवडल्या गेल्या, त्यात गारगोटी होती.

पण देशभर या ग्रामीण संस्थांपुढं एक अडचण आली. शिक्षण वेगळं होतं, पण नोकरी देणारा विचारायचा, पदवी कुठल्या विद्यापीठाची? पोरांना आणि पालकांना ओळखीचा शिक्का हवा होता. हळूहळू बहुतेक ग्रामीण संस्था नेहमीच्या विद्यापीठांशी जोडल्या गेल्या. आपल्याकडं १९६२ साली शिवाजी विद्यापीठ झालं. त्याआधी इकडच्या पदवीवर पुणे विद्यापीठाचा शिक्का असायचा. यातून काय दिसतं? निवडताना आपण शिकवण्याइतकंच, कधी त्याहून जास्त, कागदावरच्या नावाकडं बघतो. साठ वर्षांपूर्वीही तसंच होतं.

आता आजच्या कागदाकडं येऊ. इथं तीन गोष्टी वेगळ्या ओळखा. एक, विद्यापीठाला संलग्न कॉलेज: पदवी विद्यापीठाची, पेपरही विद्यापीठाचा. दोन, स्वायत्त कॉलेज: पदवी विद्यापीठाचीच, पण अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेज स्वतः बघतं. तीन, खाजगी किंवा अभिमत विद्यापीठ: पदवी त्यांची स्वतःची. जाहिरातीत तिन्ही सारखेच चकचकीत दिसतात. खिशाला मात्र सारखे नाहीत.

कसं ते ऐका. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या ज्या मुलींच्या घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. पण प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांनाही नाही. म्हणजे तीच पोरगी, तेच मार्क, पण दार कुठलं निवडलं यावर शिक्षण शुल्क शून्य की लाखात हे ठरतं. "ॲडमिशन आत्ताच पक्कं करा, नंतर सीट राहणार नाही" असा फोन आला की आधी विचारा: हे कॅपमधून आहे का?

आणि माफ झालं तरी सगळं माफ होत नाही. डेव्हलपमेंट फी, खोली, मेस, प्रवास उरतोच. पोरांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत निम्मं शिक्षण शुल्क मिळू शकतं. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या योजना आहेत. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. शिवाजी विद्यापीठात कमवा आणि शिका योजनाही आहे. म्हणून घरी बसून वहीच्या एका पानावर चार वर्षांचा सगळा खर्च मांडा. पहिल्या वर्षाची फी बघून निर्णय घेतला की तिसऱ्या वर्षी गाय विकायची वेळ येते.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना उशिरा कळते. इंजिनिअरिंगच्या प्रवेशात होम युनिव्हर्सिटीच्या जागा असतात, आणि तुमची होम युनिव्हर्सिटी ठरते बारावी कुठून पास झालात त्यावर. भुदरगडचा पोरगा बारावी लातूरला करून आला, तर त्याची होम युनिव्हर्सिटी नांदेडची. मग कोल्हापूर-सांगलीच्या कॉलेजात तो बाहेरचा धरला जातो. म्हणजे विद्यापीठाची निवड खरंतर अकरावीलाच सुरू झालेली असते. दहावीत लहान भाऊ-बहीण असेल तर त्यांना हे आजच सांगा.

कागदपत्रांचंही तेच. जातवैधता, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला. वैधता मुदतीत आली नाही तर राखीव जागा हातची जाते. निकालानंतर सेतूसमोर रांग लावण्यापेक्षा बारावीच्या दिवाळीतच फाईल लावून टाका.

मग कॉलेज बघायचं कसं? प्लेसमेंटचा बोर्ड बघून हुरळू नका. सगळ्यात मोठं पॅकेज एकाचंच असतं. विचारा, तुमच्या शाखेतले किती जण बसले, किती लागले, मधल्या पोराला किती मिळाले? नॅकची श्रेणी बघा, पण ती कॉलेजची आहे की विद्यापीठाची ते नीट वाचा. शिवाजी विद्यापीठाला ए प्लस प्लस आहे म्हणून त्याच्या प्रत्येक कॉलेजला ती लागू होत नाही. बाहेरचं अनोळखी विद्यापीठ असेल तर यूजीसीच्या साईटवर बोगस विद्यापीठांची यादी असते, ती उघडा. आणि एकदा प्रत्यक्ष जाऊन या. सुट्टीच्या दिवशी नको, चालू दिवशी. लॅबमध्ये मशीनवर धूळ आहे का बघा. कँटीनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या पोरांजवळ बसा. खरी माहिती तिथं मिळते, ऑफिसात नाही.

शेवटचं पालकांबद्दल. घरातले "जवळचं घे" म्हणाले की आपण चिडतो. चिडू नका, विचारा: भीती नेमकी कशाची? पैशाची असेल तर वहीतला हिशोब दाखवा. राहण्याची असेल तर वसतिगृह दाखवायला आईला सोबत न्या. पावणं काय म्हणतील याची असेल, तर त्याला उत्तर वेळच देते. आणि सगळं बघून गारगोटीतच शिकायचं ठरलं, तरी त्यात कमीपणा काही नाही. नाइलाजानं राहणं वेगळं आणि बघून-सवरून राहणं वेगळं.

ऑप्शन फॉर्म भरताना पहिल्या नंबरवर तेच कॉलेज टाका, जे मिळालं तर तुम्ही खरंच जाणार आहात. नियम दरवर्षी थोडे बदलतात, त्यामुळं त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. कॅफेवाल्या दादावर सोडू नका. त्याच्याकडं दिवसाला पन्नास फॉर्म असतात, तुमच्याकडं एकच आहे.

हा भाग बारावीतल्या कुणाला उपयोगी पडेल असं वाटलं तर पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.