मेरियन नॉर्थ : फुलांच्या मुलखातील चित्रकर्ती

मेरियन नॉर्थ यांचा जन्म १८३० साली इंग्लंडमधील हेस्टिंग्ज येथे झाला. वडील फ्रेडरिक नॉर्थ ब्रिटिश संसदेचे सदस्य होते. मेरियन यांनी चित्रकलेचे मोजकेच धडे घेतले आणि वनस्पतिशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती. तरीही शास्त्रज्ञांनी वनस्पतींना त्यांचे नाव दिले. आज पदवी स्वीकारणाऱ्या स्नातकांपुढे हे चरित्र मांडण्याचे कारण त्यांच्या कामाच्या पद्धतीत आहे.

१८६९ मध्ये वडील वारले. त्यांच्यामागे मेरियन यांनी लग्न न करता, स्वतःच्या पैशाने जग पालथे घालायचे ठरवले. १८७१ पासून सुमारे चौदा वर्षांत कॅनडा, अमेरिका, जमैका, ब्राझील, जपान, बोर्निओ, जावा आणि श्रीलंका त्यांनी पाहिले. १८७७ ते १८७९ या काळात त्या भारतात हिंडल्या. १८८० मध्ये चार्ल्स डार्विन यांच्या सल्ल्यावरून त्यांनी ऑस्ट्रेलिया गाठले.

त्या काळी वनस्पतिचित्र म्हणजे कोऱ्या पांढऱ्या कागदावर जलरंगात रेखलेली एकच फांदी. बाकीचे जग त्यातून वगळलेले असे. नॉर्थ यांनी तैलरंग निवडले आणि फूल जिथे उमलते तिथेच बसून रंगवले. त्यामुळे त्यांच्या चित्रांत फुलामागे डोंगर, नदी, दाट रान येते; पाकळ्यांभोवती किडे, पाखरेही दिसतात. फुलाचे अंतरंग उलगडून दाखवणारी बारीक रेखाटने त्यांत नाहीत, आणि अभ्यासकाला ती उणीव जाणवते. परंतु वनस्पती कोणत्या जमिनीत, कोणाच्या सोबतीने वाढते हे कळायला त्यांच्या चित्राइतके बोलके साधन तेव्हा क्वचितच होते. छायाचित्रांना अजून रंग नव्हता. कॅलिफोर्नियातील प्रचंड रेडवुड वृक्षांची तोड पाहून त्या व्यथित झाल्या होत्या. आज ही चित्रे बदलून गेलेल्या भूप्रदेशांचीही नोंद ठरली आहेत, आणि हे त्यांचे सर्वांत मोठे देणे आहे.

बोर्निओतील सारावाकमध्ये त्यांनी एक मोठी घटपर्णी रंगवली. ते चित्र लंडनमध्ये पाहून वीच या रोपवाटिकेने ती शोधायला माणूस पाठवला. वनस्पती शास्त्राला नवी निघाली. लंडनच्या क्यू वनस्पती-उद्यानाचे संचालक जोसेफ हुकर यांनी १८८१ मध्ये तिचे नाव ‘नेपेन्थीस नॉर्थियाना’ ठेवले. सेशेल्स बेटांवरील एका वृक्षाची तर अख्खी प्रजाती ‘नॉर्थिया’ झाली.

आपली चित्रे क्यू उद्यानाला देताना ती मांडण्यासाठीच्या दालनाचा खर्चही नॉर्थ यांनीच उचलला. जेम्स फर्ग्युसन यांनी आराखडा केला, दालन १८८२ मध्ये उघडले. मांडणी नॉर्थ यांची : देशानुसार, भिंत भरून, चौकटीला चौकट भिडवून. ८०० हून अधिक चित्रांत ९०० हून अधिक जातींच्या वनस्पती आहेत. पाहुण्यांना तिथे चहा-कॉफी मिळावी ही त्यांची इच्छा मात्र हुकर यांनी मानली नाही.

दालन उघडल्यावरही प्रवास थांबला नाही. दक्षिण आफ्रिका आणि सेशेल्सनंतर, प्रकृती ढासळली असताना, त्या अरौकारिया वृक्ष रंगवायला चिलीला गेल्या. १८९० मध्ये ग्लॉस्टरशरमधील ऑल्डर्ली येथे त्यांचे निधन झाले. बहीण कॅथरीन सायमंड्स यांनी संपादित केलेले त्यांचे आत्मचरित्र १८९२ मध्ये प्रसिद्ध झाले.