दुसरा खर्डा



कथालेखकांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आभार थोडक्यात उरकतो, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांना संध्याकाळची एसटी गाठायची आहे. मला बोलायचे आहे ते कथालेखनाच्या कार्यशाळांबद्दल. अलीकडे त्या जिकडेतिकडे भरतात. महाविद्यालये भरवतात, साहित्य संस्था भरवतात, प्रकाशक भरवतात. घरबसल्या संगणकावरही होतात. मी स्वतः अनेक कार्यशाळांत शिकवले आहे आणि पुढेही शिकवणार आहे. तरी आज त्यांच्याविषयी थोडी तक्रार करणार आहे. घरच्या माणसाची तक्रार आहे, तशीच ऐकून घ्यावी.

आधी नेहमीचा आक्षेप निकालात काढू. लिहिणे शिकवून येते का, असे विचारले जाते. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत १९१७ पासून मुले राहून कीर्तन शिकत आली आहेत. अभंग कसा सोडवायचा, दृष्टान्त कुठे घ्यायचा, श्रोता पेंगू लागला तर काय करायचे, हे सगळे तिथे शिकता येते. कीर्तनकार जन्मावाच लागतो, तेव्हा संस्था बंद करा, असे आजवर कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. कथेतही तसेच. फ्रेंच कथाकार मोपासां सात वर्षे आपले लिखाण कादंबरीकार फ्लोबेरला दाखवत राहिला. दारात बसलेला वाणी असा लिही, की तो दुसऱ्या कुठल्याही वाण्यासारखा वाटता कामा नये, असा फ्लोबेरचा धडा. 'बूल द स्वीफ' ही कथा १८८० साली गाजली, तेव्हा मोपासां तिशीच्या उंबरठ्यावर होता. म्हणजे तोवरची सगळी उमेदवारीच.

मराठीत हा विषय जरा अवघड जागेचा आहे. ना. सी. फडक्यांनी १९३१ साली 'प्रतिभासाधन' लिहून कथा-कादंबरीचे तंत्र मांडले. पुढे नवकथा आली आणि तिने त्या तंत्राला सुरुंग लावला. तेव्हापासून 'तंत्र' म्हटले की आपण नाक मुरडतो. गंमत अशी, की ज्यांनी तंत्र झुगारले, त्यांच्या पिढीला लाभली तेवढी कडक शाळा फडक्यांच्या वाचकांनाही लाभली नव्हती. ती शाळा गिरगावात खटाववाडीत होती. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन आलेली कथा वाचत, खुणा करत आणि परत पाठवत. सोबत पत्र असे. इथे पात्र आपले बोलत नाही, लेखकाचे बोलते. हा परिच्छेद काढून पाहा. शेवट दोन वाक्ये आधीच झाला आहे. लेखक चरफडत असे, पुन्हा लिहीत असे, पुन्हा पाठवत असे. एकटा शिकणारा आणि टपालातून शिकवणारा, अशी ती कार्यशाळाच होती. फक्त तिला कोणी तसे म्हटले नाही.

तिचे गोडवे गाताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९६९ साली लघुनियतकालिकांच्या चळवळीतल्या तरुणांनी, राजा ढाले त्यांत होते, 'सत्यकथे'चा अंक जाळला. त्यात तारुण्याची रग होती, पण नुसती रग नव्हती. कुठल्याही संपादकाला अभिरुची असते आणि अभिरुचीला कुंपण असते. कुंपणाबाहेरच्या माणसाला ते आधी दिसते, आतल्याला उशिरा. आज कार्यशाळेत शिकवणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे रोज आठवावे असे आहे.

'सत्यकथा' १९८२ साली बंद पडली. त्यानंतर कथा छापणारे अंक कमी झाले नाहीत, दिवाळीला तर उदंड निघतात. पण कथा परत करणारे संपादक कमी झाले. आता कथा मेलने जाते. छापली तर अंक येतो. नाही छापली तर काहीच येत नाही. नवा लेखक अंदाज बांधत बसतो: कथा वाईट होती, की मेल कोणी उघडलाच नाही? या रिकाम्या जागेत कार्यशाळा येऊन उभी राहिली आहे. म्हणून तिच्याकडून माझी अपेक्षा मोठी आहे.

आणि ती पुरी होत नाही. आपल्या बहुतेक कार्यशाळा दीड दिवसाच्या. उद्घाटनात एक तास जातो, सत्कारात अर्धा. मग 'कथा म्हणजे काय' यावर एक व्याख्यान, 'माझी कथा' यावर एका नामवंताच्या आठवणी, जेवण, पुन्हा व्याख्यान, प्रमाणपत्र, समूहछायाचित्र. साठ-सत्तर माणसे आलेली असतात. त्यांतल्या पाच जणांच्या कथा घाईघाईने वाचल्या जातात आणि 'छान प्रयत्न' असा शेरा मिळतो. लेखकाची भेट होते, ओळखी वाढतात. वाईट काहीच नाही. पण कथा जशी आली तशीच घरी जाते.

याउलट एकदा काय घडले ते सांगतो. बीडकडची एक मुलगी कथा घेऊन आली होती. आईवडील ऊसतोडीला जाणारे. कथा सूर्यास्ताने सुरू होत होती. तांबूस क्षितिज, घरट्याकडे निघालेली पाखरे. पहिल्या दोन पानांत दारिद्र्य, शोषण, व्यवस्था, सगळे येऊन गेले होते. मुकादम मात्र पाचव्या पानावर उगवला. शेवटी फडात मोळी बांधता बांधता आई ढसाढसा रडते. आम्ही बाराजण गोल बसलो होतो. तिने कथा मोठ्याने वाचली. त्यानंतर तिने बोलायचे नाही, फक्त टिपून घ्यायचे, असा नियम होता. एकाने विचारले, उचल किती घेतली होती? पैसे कोणाच्या हातात दिले? एका बाईंनी विचारले, ही गोष्ट जी मुलगी सांगते, ती तेव्हा कुठे होती, फडाशेजारच्या कोपीत की गावात?

ती गावात होती, आजीजवळ. मग आई रडली हे तिने पाहिले कधी?

महिन्याने ती दुसरा खर्डा घेऊन आली. सूर्यास्त गेला होता. ओट्यावर बसून मुकादम नोटा मोजतो, इथून कथा सुरू होत होती. वडील पैसे मोजून घेतात. आत आई भांडी मोजते, पोत्यात भरते आणि एक पातेले मुलीसाठी मागे ठेवते. फड कथेत कुठेच नव्हता. फोनवर जेवढे ऐकू येते तेवढीच आई होती: मागचा गाड्यांचा आवाज, खोकला आणि 'जेवलीस का' हा रोजचा प्रश्न. एका अडचणीच्या प्रश्नाने कथेला तिची जागा सापडली. निवेदक काय पाहू शकतो आणि काय नाही, हे मी त्यावर तासभर बोलूनही तिला शिकवू शकलो नसतो. आणि ती मंडळी महिन्याने पुन्हा भेटणार नसती, तर तो खर्डा कधी लिहिलाच गेला नसता.

लेखकाने गप्प बसायचे, ही रीत अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या लेखन कार्यशाळेने रूढ केली. ती कार्यशाळा १९३६ साली सुरू झाली. तिच्यावर जुना आरोप आहे, की तिथून निघालेल्या कथा एका साच्याच्या असतात. आरोपात तथ्य आहे. बारा जणांना पटेल असे लिहिता लिहिता लेखकाच्या अंगातला वेडेपणा झिजतो. पण कथालेखिका फ्लॅनरी ओकॉनर १९४५ साली जॉर्जियातून तिथे गेली, तेव्हा तिचे दाक्षिणात्य उच्चार संचालक पॉल एंगल यांना कळेनात. काय हवे ते कागदावर लिही, असे त्यांना सांगावे लागले. दोन वर्षांनी ती पदवी घेऊन निघाली आणि आयुष्यभर त्याच जॉर्जियाच्या मातीतली माणसे लिहीत राहिली. तिला तंत्र मिळाले आणि तिची बोलीही शाबूत राहिली.

आपल्याकडे याची काळजी अधिक घ्यायला हवी. कार्यशाळेतली पहिली सूचना अजूनही बऱ्याचदा 'भाषा जरा सुधारा' हीच असते. १९४९ साली व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' येऊन गेल्यावर ही सूचना देण्याचा अधिकार आपल्याला उरला आहे, असे मला वाटत नाही. माडगूळकर, शंकर पाटील, द. मा. मिरासदार हे तिघे गावोगावी कथाकथन करत हिंडले. लोक कुठे हसतात, कुठे चुळबुळतात, हे समोर दिसत असे. मला विचाराल, तर कार्यशाळेचा निम्मा वेळ मोठ्याने वाचण्यात जावा. कागदावर लपलेले खोटे वाक्य तोंडात अडखळते.

म्हणून विनंती आहे. संयोजकहो, माणसे कमी घ्या, पण दोनदा बोलवा. दिवाळी अंकांच्या संपादकांनो, परत करायच्या कथेबरोबर तीन ओळी लिहा. सगळ्यांना जमणार नाही, निदान दहा जणांना लिहा. आणि मित्रांनो, काल इथे वाचलेली कथा आज रात्री कुठेही पाठवू नका. गावी जाऊन घरातल्या कोणाला तरी ती वाचून दाखवा, मग पुन्हा लिहा. पुढच्या वर्षी इथे प्रमाणपत्र देताना प्रत्येकाच्या हातात दुसरा खर्डा आहे का, तेवढे संयोजकांनी तपासावे. नसेल त्याला प्रमाणपत्र देऊ नये.