मुलीचे शिक्षण आणि बापाचे हात
(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘मुलींच्या शिक्षणातील अडचणी’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीस साहेबांची इच्छा आहे. या विषयावर बोलणारे वक्ते सहसा गरिबीविषयी बोलतात, शाळेच्या अंतराविषयी बोलतात, लवकर होणाऱ्या लग्नांविषयी बोलतात. या अडचणी खऱ्याच आहेत आणि त्यांच्यासाठी ही संस्था आपल्या परीने झटत आहे. मी मात्र आज अशा एका अडचणीकडे आपले लक्ष वेधणार आहे, की जी दूर करण्यास सरकारी अनुदान लागत नाही, देणगी लागत नाही, इमारत निधीही लागत नाही. ही अडचण आपल्या घरातच बसलेली आहे. स्पष्टच सांगायचे तर ती खुर्चीवर बसलेली आहे, हातात वर्तमानपत्र घेऊन चहाची वाट पाहत. ती अडचण म्हणजे आपण पुरुष मंडळी.

रागावू नका. प्रथम माझ्या शिक्षकी जीवनातील एक प्रसंग ऐका.

आठवीच्या वर्गात माझ्याकडे एक मुलगी होती. हुशार होती, अक्षर मोत्यासारखे होते. पण पहिल्या तासाला ती रोज दहा-पंधरा मिनिटे उशिरा येई. तिचे दोन भाऊ त्याच शाळेत होते. ते प्रार्थनेच्या रांगेत वेळेवर उभे असत, गणवेशाला कडक इस्त्री केलेली असे. मी त्या मुलीला कैक वेळा वर्गाबाहेर उभे केले आणि सर्वांसमक्ष तिला तिच्या भावांचे उदाहरण दिले. ती खाली मान घालून ऐकून घेई. पुढे काही कामानिमित्त सकाळीच तिच्या घरी जाण्याचा योग आला, तेव्हा सारा उलगडा झाला. पहाटे उठून विहिरीवरून पाण्याच्या खेपा, मग सात माणसांच्या तांदळाच्या भाकऱ्या, मग भावांचे डबे, मग त्यांच्या गणवेशाला इस्त्री, आणि हे सारे उरकल्यावर तिची स्वतःची वेणी आणि दप्तर. आई आजारी होती. वडील ओटीवर बसले होते. त्यांनी मला मोठ्या आदराने आत बोलावले आणि मुलीला हाक मारून सांगितले, ‘सरांना चहा आण.’

मंडळी, तिचे भाऊ वेळेवर येत होते, कारण ती उशिरा येत होती. एवढी साधी गोष्ट मला शिक्षक असून कळली नव्हती. नववीनंतर तिने शाळा सोडली. कारणाच्या रकान्यात मी माझ्या हाताने ‘घरगुती अडचण’ असे लिहिले. हे दोन शब्द आम्ही शिक्षक फार सहज लिहितो. त्या अडचणीचे नाव, गाव, वय काहीच लिहीत नाही.

आता कोणी म्हणेल की हे एखाद्या घरातील उदाहरण झाले. म्हणून थोडे आकडे सांगतो. माणसे दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात याची पाहणी भारत सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर केली. सहा वर्षांवरील शंभर स्त्रियांपैकी सुमारे एक्याऐंशी स्त्रिया रोज बिनमोबदल्याचे घरकाम करताना आढळल्या. शंभर पुरुषांमध्ये असे पुरुष निघाले सव्वीस. जे हे काम करतात त्यांतही स्त्रीचा वेळ दिवसाला २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास. आणि पुरुषाचा ९७ मिनिटे. पुन्हा २०२४ साली तशीच पाहणी झाली. पाच वर्षांत स्त्रीचा वेळ दहा मिनिटांनी कमी होऊन २८९ वर आला. आपल्याला वाटेल, पुरुषांनी थोडा भार उचलला असेल. तर तसे नाही. पुरुषाचा वेळही घटून ८८ मिनिटांवर आला!

हे पाच तास कोणाच्या हिशेबात धरले जात नाहीत. २००१ च्या जनगणनेत गृहिणींना काम न करणाऱ्यांच्या गटात, भिकारी आणि कैदी यांच्या पंक्तीला बसवले गेले होते. २०१० साली एका अपघात-भरपाईच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या गोष्टीवर तीव्र नापसंती व्यक्त केली आणि गृहिणीच्या श्रमाला मोल आहे असे सांगितले. न्यायालयाला जे मान्य झाले, ते आपल्या ओटीवर अजून मान्य व्हायचे आहे.

यावर आपल्या समाजात तीन उत्तरे ऐकू येतात. त्यांचा विचार करू.

पहिले उत्तर असे की, ‘पुरुषाने घरात काम करणे आपल्यात शोभत नाही.’ हे ‘आपल्यात’ म्हणजे नेमके कोणात? हजरत पैगंबर (स.) घरात असताना काय करीत, असे हजरत आएशा (रजि.) यांना विचारले गेले होते. सहीह बुखारीत त्यांचे उत्तर नोंदलेले आहे. त्याचा आशय असा की, ते घरच्या माणसांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. आपली पादत्राणे ते स्वतः दुरुस्त करीत, आपले कपडे स्वतः शिवत, असेही हदीसमध्ये आले आहे. ज्यांच्या उठण्याबसण्याच्या, दाढी राखण्याच्या सुन्नतीवर आपण मशिदीच्या दाराशी तासन् तास चर्चा करतो, त्यांची ही सुन्नत आपण सोयीने विसरलो आहोत. तेव्हा ‘आपल्यात शोभत नाही’ ही रूढी आहे, धर्म नव्हे.

दुसरे उत्तर असे की, ‘पुरुषाला हे काम जमतच नाही.’ कोकणातल्या माणसाने तरी हे उत्तर देऊ नये. आपले वाडवडील आगबोटीवर नोकऱ्या करीत. बोटीवरचा भंडारी, म्हणजे शेकडो खलाशांचा स्वयंपाक करणारा, हा पुरुषच असे. त्यानंतर मुंबईत जमातीच्या खोल्यांमधून गावची पंधरा-वीस माणसे एकत्र राहिली. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले आणि आपली मुले आखाती देशांत गेली. तिथे एकेका खोलीत सहा-आठ जण राहतात. भिंतीवर पाळ्यांचा कागद लावलेला असतो. कोणी कालवण करायचे, कोणी भांडी घासायची, संडास कोणी धुवायचा, सारे वार ठरलेले असतात. तोच माणूस दोन वर्षांनी सुट्टीवर घरी येतो आणि पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून मागतो! समुद्र ओलांडताना हातांतली विद्या कुठे जाते? ती जात नाही. आपण तिला उंबरठ्याबाहेर ठेवून आत येतो.

तिसरे उत्तर मात्र मी गंभीरपणे घेतो. ‘आम्ही दिवसभर राबून येतो, दमलेले असतो.’ गवंडी, ड्रायव्हर, मच्छीमार यांची दमणूक खरी आहे. तिची चेष्टा कोणी करू नये. पण शेतात लावणीला गेलेली, कोळंबी सोलायला गेलेली, किंवा शिलाईच्या यंत्रावर बसलेली बाई काय न दमता घरी येते? मी तास मोजून निम्मी वाटणी मागत नाही. ज्याला जेवढे जमेल तेवढे करावे. पण ते त्याचे काम असावे. ‘मदत केली’ असे म्हणून उपकार दाखवण्याचे नसावे. आपल्या ताटाला लागलेले खरकटे धुणे ही कोणाला केलेली मदत कशी होईल?

आता मी माझा स्वतःचा दोष सांगतो, नाहीतर हे सारे उपदेशाचे पाणी होईल.

माझी पत्नीही शिक्षिका. आम्ही दोघे संध्याकाळी बरोबरच घरी येत असू. मी खुर्चीकडे जाई, ती चुलीकडे. मुलींच्या शिक्षणावर मी गावोगाव भाषणे देत होतो आणि मला यात काही विसंगती दिसत नव्हती. एका पावसाळ्यात ती विहिरीजवळ घसरून पडली आणि मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर. त्या दिवसापासून घरचे सारे काम आमच्या दहावीतल्या मुलीने उचलले. तिला कोणी सांगितले नव्हते आणि मला कोणी विचारले नव्हते. चाचणी परीक्षेत तिचे गणिताचे गुण घसरले, तेव्हा मी तिला चांगलेच फैलावर घेतले. तिने शांतपणे एवढेच म्हटले, ‘अब्बा, तुम्ही कुकर लावलात तर मी गणित सोडवीन.’

पत्नी खाटेवरून सूचना देत होती आणि मी आयुष्यात प्रथमच कुकर लावला. भाताची पेज झाली. दुसऱ्या दिवशी करपला. चौथ्या दिवशी खाण्याजोगा झाला. शेजारपाजारच्या बाया दारात येऊन पाहून गेल्या. एका स्नेह्याने मशिदीबाहेर विचारले, ‘काय गुरुजी, आज कालवण काय?’ मी मेनू सांगितला. आठवड्याभरात त्या विनोदातले मीठ संपले.

पण खरी कसोटी पुढेच होती. प्लास्टर निघाले त्या संध्याकाळी मी पुन्हा खुर्चीत जाऊन बसलो. हे सांगायला मला लाज वाटते. मुलगी काही बोलली नाही. तिने कुकरचे भांडे आणि मापाची वाटी आणून माझ्या पुढ्यात ठेवली आणि पुस्तक घेऊन बसली. तेव्हापासून संध्याकाळचा भात माझा आहे.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात अ‍ॅलिसा क्रॉफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीनशेहून अधिक मुले आणि त्यांचे आईवडील यांचा अभ्यास केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. ज्या घरात बाप घरकामात वाटा उचलतो, त्या घरातील मुलींची पुढे काय व्हायचे याची स्वप्ने अधिक मोठी आढळली. घर सांभाळण्यापलीकडची, निरनिराळ्या व्यवसायांची. बाप तोंडाने समानतेच्या गोष्टी करतो पण काम आईवरच टाकतो, अशा घरातील मुलींची स्वप्ने मात्र जुन्याच चाकोरीत राहिली. तो अभ्यास वाचताना मला मापाची वाटी आठवली. मुलगी बापाचे शब्द ऐकते खरी, पण धडा घेते तो त्याच्या हातांकडे पाहून.

आपल्या राज्यात बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पाठ्यपुस्तकात आई आणि वडील दोघे बसून भाजी निवडत आहेत असे चित्र छापले. आपल्या शाळेतले मूल ते चित्र पाहील आणि घरी जाईल. घरातले चित्र निराळे दिसले, तर त्याने पुस्तकावर विश्वास ठेवावा की घरावर?

रमजानचा महिना आठवून पाहा. सहरीला घरात सर्वांच्या आधी कोण उठते आणि सर्वांच्या शेवटी, वेळ संपत आली असताना, दोन घास कोण खाते? मगरिबची अजान होते तेव्हा आपण दस्तरखानावर खजूर हातात घेऊन बसलेले असतो आणि कढईपाशी कोण उभे असते? रोजा तिचाही असतो. येत्या रमजानात निदान एवढे करा, की अजानच्या वेळी घरातली एकही स्त्री चुलीपाशी उभी नसेल.

आणि पालकहो, आज घरी गेल्यावर एक काम निवडा. फक्त एक. पाणी भरणे, डबे भरणे, केर काढणे, मच्छी साफ करणे, लहान मुलाला न्हाऊ घालणे, काहीही. ते रोज करा, न सांगता करा, आणि मुलालाही बरोबर घ्या. परीक्षेच्या दिवसांत मुलाला जी सूट देता, तीच मुलीलाही द्या. शिक्षक बंधूंना विनंती, की मुलगी उशिरा आली तर तिला बाहेर उभे करण्यापूर्वी एकदा विचारा, ‘सकाळी किती वाजता उठलीस?’ मी ते विचारले नाही. विचारले असते तर कदाचित आज त्या मुलीची मुले आईचे दहावीचे प्रमाणपत्र पाहत असती.

संस्था इमारत बांधील, फी माफ करील, वह्यापुस्तके देईल. पण मुलीच्या संध्याकाळचे दोन तास संस्था देऊ शकत नाही. ते आपल्याच हातांत आहेत.